माझ्या नावाचं घर

मानखुर्दला घर घेतलं म्हटल्यावर शाळेतल्या बाईंनी पहिलं विचारलं, 'तिथं? देवनारच्या कचऱ्याच्या वाऱ्यात?' चिता कॅम्पमधल्या आमच्या खाला मात्र म्हणाल्या, 'माशाअल्लाह, स्टेशनके पास!'

कागद असलेलं हे आमच्या खानदानातलं पहिलंच घर. अम्मीचं बालपण जनता कॉलनीत गेलं. ती वस्तीही मुळात मुंबईतून हलवलेल्या लोकांचीच. भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी ती जमीन हवी होती. मे १९७६ मध्ये, आणीबाणीत, पोलिसांच्या पहाऱ्यात झोपड्या पाडून सगळ्यांना चिता कॅम्पच्या दलदलीत आणून सोडलं. वाट्याला आली दहा बाय पंधरा फुटांची जागा. नाना वर्षानुवर्षं भराव टाकत राहिले. भरतीचं पाणी घरात आलं की अम्मी पत्र्याच्या पेटीवर बसून अभ्यास करायची.

आम्ही २०२२ साली घर शोधायला निघालो, ते आधी वाशीत. फोनवर माझं मराठी ऐकून दलाल 'या ना ताई' म्हणायचे. नाव सांगितलं की फ्लॅट कालच गेलेला असायचा. एकाने तर कौतुक केलं, 'मॅडम, तुम्ही वाटत नाही हो!' काय वाटत नाही, ते मी विचारलं नाही.

मग मानखुर्द. पुनर्वसनाच्या इमारतींतल्या सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोल्या स्वस्तात दाखवणारे भेटले. मूळ धारकाला त्या ठरावीक वर्षं विकता येत नाहीत, म्हणून व्यवहार मुखत्यारपत्रावर. अम्मीने एका वाक्यात निकाल लावला, 'कागद नई तो घर नई.'

शेवटी एका जुन्या सोसायटीतला फ्लॅट जमला. दागिने मोडले, मामूंनी कर्जे-हसना दिलं, तरी अठरा लाख कमी. बँकेचं नाव काढताच अब्बा उठून उभे राहिले. 'बेटा, ब्याजका पैसा घरमें नक्को.' त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण दुसरी वाट कुठे आहे? बिनव्याजी बँकिंगची शिफारस रघुराम राजन समितीने २००८ साली केली होती. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न्यायचा नाही असं ठरवलं. उरते भिशी, नाहीतर जन्मभराचं भाडं. अब्बा दोन आलिमांना विचारून आले. एकाने साफ नाही म्हटलं, दुसऱ्याने मजबुरीत मुभा सांगितली. अब्बांनी दोन्ही जबाब आम्हाला जसेच्या तसे सांगितले आणि गप्प बसले. आम्ही अर्ज भरला.

नोंदणीच्या वेळी वकिलांनी सांगितलं, खरेदी एकट्या बाईच्या नावावर असली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, एप्रिल २०२१ पासून. हे लगेच म्हणाले, 'मग तुझ्याच नावावर.' कर्जाला अर्थात दोघांच्या सह्या. नणंदेने चिडवलं, 'भाभी, मेहर वसूल!' निकाहात मेहर एकावन्नशे रुपये होता, तो तेव्हाच मिळाला होता. अम्मी हसली नाही. सूची क्रमांक २ वरचं माझं नाव तिने बोट फिरवत वाचलं, मग वडिलांचं, मग पत्ता, पिनकोडसकट.

बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड घेता येत नाही. हे कळल्यापासून अब्बा पेन्शनमधून दरमहा दोन हजार आणून देतात, मुद्दलात भरायला. येतात, चहा घेतात, असरची नमाज आमच्याकडेच पढतात. रात्री मात्र अजून एकदाही राहिलेले नाहीत. निघताना दारात चपला घालत विचारतात, 'कित्ता उतऱ्या?' मी आकडा सांगते.