खर्डीचे पाणी, ठाण्याची शर्यत

मध्य रेल्वेच्या कसारा लोकलमध्ये आटगावनंतर गर्दी विरळ होते. तानशेत मागे पडते, डोंगर रुळांच्या अधिक जवळ येऊ लागतात आणि मग खर्डी येते. पुढे केवळ उंबरमाळी आणि कसारा ही दोन स्थानके; त्यानंतर थळ घाट. आसनगाव ते कसारा हा लोहमार्ग १८६१ मध्ये सुरू झाला आणि घाटातील मार्ग १८६५ मध्ये. या मार्गाच्या आधाराने शहापूर तालुक्यात भाताचे, गवताचे आणि किराण्याचे व्यापारी स्थिरावले. वखारी आज फारशा उरलेल्या नाहीत, दुकाने मात्र आहेत.

खर्डीचा पाऊस हा शहरातल्या पावसासारखा पाहुणा नव्हे. तो आषाढात येतो आणि घरातल्या थोरल्या माणसासारखा ठाण मांडून बसतो. माहुलीचे सुळके दिवसेंदिवस ढगांत दडलेले असतात. जुलै २०२१ मध्ये एका रात्री उंबरमाळी स्थानकात पाणी फलाटाच्या उंचीपर्यंत चढले आणि टिटवाळा ते इगतपुरी वाहतूक थांबली. अशा रात्री खर्डीहून कल्याण जितके दूर वाटते तितके नकाशावर कधीच नसते.

गावाजवळून मुंबई–नाशिक महामार्ग जातो. कार्तिक पौर्णिमेनंतर या रस्त्याने पहाटेच्या अंधारात साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. भरधाव ट्रक आणि अनवाणी चालणारी पांढऱ्या वस्त्रांतली माणसे एकाच रस्त्यावर असतात, म्हणून समाजातले तरुण चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घालून, हाती विजेरी घेऊन त्यांच्या मागेपुढे चालतात. खर्डीतल्या एका किराणा व्यापाऱ्यांचा मुलगा अशी सेवा काही वर्षे करीत आला आहे. चातुर्मास लागला की विहार थांबतो आणि त्याच्या पहाटाही मोकळ्या होतात.

नेमक्या याच दिवसांत ठाण्याची वर्षा मॅरेथॉन येते. ठाणे महानगरपालिकेची ही शर्यत पावसाळ्यातच घेतली जाते, हेच तिचे वैशिष्ट्य. करोनाच्या काळापासून तिच्यात खंड पडला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मुख्य अंतर एकवीस किलोमीटरचे. मुंबईची मोठी मॅरेथॉन जानेवारीतल्या गारव्यात होते. ठाण्याची शर्यत मात्र पावसाला निमंत्रण देऊनच भरवली जाते.

मुलाने पाणीवाटपासाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिले, तेव्हा वडिलांनी गल्ल्यावरून मान वर केली. "महाराजसाहेब चार महिने एका जागी थांबतात ते कशासाठी? पायाखाली जीव येऊ नयेत म्हणून. आणि तुम्ही याच दिवसांत हजारो माणसे रस्त्यावर पळवता?"

"पप्पा, मी पळणार नाही. मी उभा राहणार आहे."

उत्तर चलाख होते. वडिलांच्या प्रश्नाचे मात्र नव्हते. डांबरी रस्त्यावर जीव कमी असतात, अशी पळवाट त्याने काढली नाही, हे बरे केले. वडिलांचा आक्षेप तसाच राहिला. त्यांनी फक्त विचारले, "एकटाच जातोस?"

तो एकटा नव्हता. पलीकडच्या पाड्यावरची, महाविद्यालयात शिकणारी एक ठाकर समाजाची मुलगी शर्यतीत उतरणार होती. ती सकाळी जुन्या रस्त्याने कसाऱ्याच्या दिशेने चढावर धावते, हे अर्ध्या गावाला ठाऊक होते. आदिवासी पाड्यांवरच्या मुलींना धावणे शिकवावे लागत नाही, असे सहज म्हटले जाते. ते खरे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य पदक मिळवले, ते डोंगरात जन्म झाला म्हणून नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या शिस्तीच्या सरावामुळे. चप्पल नसणे ही काही प्रशिक्षणपद्धती नव्हे.

खर्डीहून ठाणे सुमारे पाऊणशे किलोमीटर. रविवारच्या पहाटे लोकलच्या भरवशावर शर्यत गाठणे धोक्याचे, म्हणून शनिवारी संध्याकाळीच निघायचे ठरले. मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि दुकानदारांचा मुलगा, असे तिघे. मुक्काम त्याच्या मावशीकडे. पावसाने गाडी आसनगावला पाऊण तास उभी राहिली, पुढेही रखडत गेली. मावशीच्या दारात पोहोचेपर्यंत नऊ वाजून गेले होते.

चातुर्मासात मावशींचा चौविहार असतो. सूर्यास्तानंतर त्या पाणीही घेत नाहीत आणि चूल पेटवीत नाहीत. पण शर्यतीच्या आदल्या रात्री धावपटू उपाशी झोपला तर दुसऱ्या दिवशी पंधराव्या किलोमीटरला त्याचे पाय उत्तर देतात. मावशींनी दिवस मावळण्याआधीच मुगाची खिचडी आणि कढी करून झाकून ठेवली होती. मुलगी संकोचली. "मावशी, तुम्ही जेवत नाही, मग आम्ही कसं जेवायचं?"

"व्रत माझं आहे गं, भूक तुझी आहे. बैस."

ज्यांनी नियम पाळणारी घरे आतून पाहिली आहेत, त्यांना या वाक्याचे नवल वाटणार नाही. बाहेरून पाहणाऱ्यांना फक्त बंद स्वयंपाकघर दिसते.

पहाटे पाऊस होताच. पाण्याच्या टेबलावर उभे राहणे हे बघणाऱ्याला सोपे वाटते. पावसात प्लास्टिकचे कापड डोक्यावर बांधावे लागते, वारा ते उडवतो. भरलेले कागदी पेले मऊ पडतात, म्हणून ते थोडे थोडे भरावे लागतात. पेला तळाशी धरून हात लांब करायचा, म्हणजे धावणाऱ्याला वेग न मोडता तो उचलता येतो. पहिल्या टेबलापाशी झुंबड उडते, तेव्हा शेवटच्या टेबलावरच्याने ओरडून सांगायचे की पाणी इथेही आहे. फेकलेले ओले पेले लगेच बाजूला सारायचे, नाहीतर मागून येणारा घसरतो.

पावसात पाणी कशाला, असे नवख्यांना वाटते. प्रत्यक्षात दमट हवेत घाम वाळत नाही. तो वाळला नाही की शरीर थंड होत नाही. अंग भिजलेले असल्याने तहान जाणवत नाही आणि आत मात्र उष्णता वाढत राहते. थंड प्रदेशात पाऊस याउलट गारठवून पाडतो. १६ एप्रिल २०१८ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये झोडपणाऱ्या पावसात आणि समोरच्या वाऱ्यात अनेक नामवंतांनी शर्यत सोडली. पुरुषांमध्ये जिंकले ते जपानचे युकी कावाउची, सरकारी नोकरी सांभाळून धावणारे. महिलांमध्ये जिंकलेल्या डेझिरी लिंडन यांना स्वतःला सुरुवातीला शर्यत सोडावीशी वाटत होती आणि सहकारी धावपटूसाठी त्या वाटेत वेग कमी करून थांबल्याही होत्या.

ठाण्याच्या त्या टेबलाजवळ रस्त्यात एक खड्डा होता. पाणी साचल्याने तो दिसत नव्हता. तासाभराने खर्डीच्या मुलाने पेल्यांचे काम दुसऱ्याकडे दिले आणि तो त्या खड्ड्यातच जाऊन उभा राहिला, महामार्गावर साध्वींच्या पुढे उभा राहतो तसा, तेच चमकते जाकीट घालून. धावणारे त्याला वळसा घालून जात राहिले. आयोजकांच्या छायाचित्रांत तो कुठेही नाही. त्यांत देणगीदारांचे फलक मात्र स्पष्ट वाचता येतात.

त्याची नवकारशी होती. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, सात वाजून गेल्यावर, त्याला पाणी चालले असते. उकळलेल्या पाण्याची बाटली पिशवीत होती आणि पिशवी ताडपत्रीखाली. खड्डा सोडून तिथवर जाणे त्याला साडेनऊपर्यंत जमले नाही.

मुलगी त्याच्या टेबलावरून गेली तेव्हा तिने अर्धा पेला प्यायला. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांत तिने शर्यत पुरी केली. बक्षीस नाही, पदक मिळाले.

त्या पेल्यातल्या पाण्याचा हिशेबही मांडायला हवा. ठाणे शहर भातसा नदीचे पाणी पिसे येथून उचलते. भातसा धरण शहापूर तालुक्यातले. मुंबईला येणारे सुमारे निम्मे पाणी याच धरणाचे. त्याखेरीज १८९२ चे तानसा, १९५० च्या दशकातले मोडकसागर आणि अलीकडचे मध्य वैतरणा, ही सारी याच डोंगराळ पट्ट्यातली. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. श्रावणात वाहून जाणारे पाणी मे महिन्यात हंड्याने मोजावे लागते. ज्याच्या जमिनीतून ठेव जाते त्यालाच उसनवारी करावी लागावी, असा हा विचित्र जमाखर्च आहे.

परतीच्या लोकलमध्ये मुलाने तिला सहज विचारले, वेळ आणखी कमी होईल का? ती म्हणाली, "होईल दादा. पण मे महिन्यात सराव तुटतो. ज्या दिवशी टँकर, त्या दिवशी धावणं नाही. आई कामाला जाते, रांगेत मीच असते."

रात्री दुकान बंद करताना मुलाने हे वडिलांना सांगितले. त्यांनी कुलूप लावले, किल्ल्या खिशात टाकल्या.

"तुला उभे राहायला आवडते ना?"

"हो."

"मग मे महिन्यात तिच्या हंड्यापाशी उभा राहा. दुकान मी उघडीन."

पुढच्या मे महिन्यात तो पाच सकाळी पाड्यावर गेला. पहिल्या दिवशी रांगेतल्या बायका हसल्या. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने, तिथेच आहेस तर माझाही धर, म्हणून आपला हंडा त्याच्यापुढे ठेवला.