आता दप्तर उघड

चि. ताईस,


तुझा गटारातला व्हिडिओ परवा रात्री इकडे पोचला. पदर खोचलेला, पायात साधी चप्पल, हातात मोजे नाहीत आणि तू फावड्याने काळा गाळ उपसते आहेस. वर कट्ट्यावर चार धट्टीकट्टी माणसं मोबाइल धरून उभी. तुझ्या आईने शेजारणींना बोलावून बोलावून दाखवला. माझाही ऊर भरून आला, पण रात्रभर झोप लागली नाही. त्या घाणीत काचा असतात, उंदरांचं मूत असतं. पायाला कुठे चीर असेल तर? आधी दवाखान्यात जाऊन पाय दाखव, धनुर्वाताचं इंजेक्शन घे आणि मग पुढचं वाच.

व्हिडिओखाली तू लिहिलं होतंस, ‘मामा, मी गावची सरपंच नाही, सेविका आहे.’ आणि लगेच पुढे, ‘कोरम भरत नाही. तहकूब सभेत ठराव उरकले तर चालतात ना?’

चालतात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी तेवढी माणसं नसतील तर ग्रामसभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषय मात्र तिथे घेता येत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पण ही दोन वाक्यं तू एका दमात लिहिलीस, ते मला काही केल्या पचत नाही. सेविका म्हणवतेस ना? मग मालक कोण? आमदार नाही, बीडीओ नाही, ज्यांनी पॅनल उभं केलं ते पुढारीही नाहीत. पंचायतीचा मालक ग्रामसभा. चाकरी मालकाची करायची आणि त्याच्यासमोर उभं राहायची वेळ आली की तहकुबीच्या आडोशाला जायचं, हे कसं चालेल गं?

पंचायत समितीत असताना मी तपासणीला जायचो तेव्हाची एक गोष्ट तुला माहीत नसेल. एका गावात इतिवृत्ताची वही उघडली. खाली सह्या, अंगठे, पानभर. वरचं अर्धं पान कोरं! शिपाई वही काखेत मारून घरोघर फिरायचा, आधी सह्या आणि मग सवडीने ग्रामसेवक भाऊसाहेब वर ठराव लिहायचे. त्या अंगठ्यांत बायकांचे कितीतरी होते. कशावर अंगठा दिला म्हणून विचारलं तर एक बाई म्हणाली, रेशनचं असेल. गाव तसं चांगलं होतं गं, सरपंचही दुष्ट नव्हता. रात्री-अपरात्री कुणाच्याही मदतीला धावायचा, बाळंतिणीला स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात न्यायचा. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे आणि त्याला काही विचारायचे नाहीत. तो गेला तेव्हा पाणीपुरवठ्याची थकबाकी किती, टाकी कोणत्या योजनेतली, कुणाला धड सांगता येईना.

तुझ्या बाबतीत मला याचीच धास्ती वाटते. सन 2000 मध्ये आर. आर. (आबा) पाटलांनी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा आम्हीही हातात झाडू घेतले. ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो, गावंच्या गावं रस्त्यावर उतरली होती. पण जिथे गावाने बसून ठरवलं होतं की सांडपाणी कुठे सोडायचं, शोषखड्डा कुणाच्या दारात घ्यायचा, तिथलीच स्वच्छता टिकली. बाकी ठिकाणी तपासणी समितीची गाडी गेली आणि गटारं पुन्हा तुंबली. खुद्द गाडगेबाबा तरी झाडून कुठे थांबत होते? दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायचं. कर्ज काढून सण का करता, पोरं शाळेत का घालत नाही? उत्तर लोकांच्या तोंडून वदवून घ्यायचं. तू झाडलंस, आता विचार आणि लोकांनाही तुला विचारू दे.

दुसरं एक सांगतो, राग मानू नकोस. गटार उपसणाऱ्या बाईचं कौतुक करायला गावाचं काही जात नाही. झाडू घेतलेली बाई त्यांनी जन्मभर पाहिली आहे. ती आता सरपंच आहे एवढाच काय तो फरक. पण तीच बाई रोकडवही पुढ्यात घेऊन ‘हे बिल कुठल्या कामाचं?’ म्हणाली की बघ कट्ट्यावरच्या त्या चौघांचे चेहरे. 2011 पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायकांना आहेत, तरी अजून किती ठिकाणी खुर्चीवर ती आणि फोनवर तिचे यजमान! जावईबापू भले आहेत, तुझ्या पाठीशी आहेत, मला माहीत आहे. तरीही सांगतो, ठेकेदाराचा फोन तूच घे.

जोतीराव फुले 1876 ते 1882 पुण्याच्या नगरपालिकेत होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचे ठरलं तेव्हा ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं म्हणत त्यांनी एकट्याने विरोधी मत दिलं. सगळी सभा एकीकडे आणि हा माणूस एकीकडे. माझ्या लेखी ही सेवाच. त्यात कुणाच्या टाळ्या नव्हत्या. हिवरे बाजारला सरपंच म्हणून पोपटराव पवारांनी जे केलं त्यातही ‘नाही’ म्हणणं किती होतं बघ. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. पाऊस किती पडला, पाणी किती उरलं याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. सरपंच एकटा ‘नाही’ म्हणाला असता तर पुढच्या निवडणुकीत घरी बसला असता. आकडे सगळ्यांसमोर होते म्हणून ते ‘नाही’ गावाचं झालं.

तुझ्याकडेही आकडे आहेत, ताई. 2021 ते 2026 या वर्षांसाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते. मग तुझं ते गटार सरपंचाच्या फावड्याची वाट का पाहत होतं? स्वच्छतेच्या नावाने गेल्या वर्षी काय खर्च पडला ते भाऊसाहेबांकडून मागव. मोजमाप पुस्तिका बघ. फळ्यावर लिही, मोठ्या अक्षरात, आणि देवळाच्या भिंतीशी लाव. कोरम का भरत नाही म्हणतेस, माणूस येऊन करील काय तिथे? ठराव आधीच लिहिलेले, खर्च आधीच झालेला. फळ्यावर रक्कम दिसली की भांडायला तरी येतील. येऊ देत.

तुझ्याविषयी वाईट बोलतील, हेही सांगून ठेवतो. व्हिडिओला टाळ्या वाजवणारेच म्हणतील, बाई शिकली आणि शेफारली. अविश्वासाच्या सह्यांची कुजबुज सुरू होईल. रात्री घरी एकटी रडशील आणि आईला सांगणार नाहीस, लहानपणापासूनची खोड आहे तुझी. मला फोन कर, कितीही वाजता.

2 ऑक्टोबरची सभा जवळ आली. सात दिवस आधी नोटीस लागली पाहिजे, म्हणजे 24 तारखेच्या आत विषयपत्रिका माझ्याकडे पाठव. दवंडी वाडीवस्तीवर आणि दलितवस्तीतही फिरली का, ते स्वतः विचार. महिला सभा आधी घे, दुपारी, बायका रानातून येऊन भाकरी खाल्ल्यावर. त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे आणि मुख्य सभेत पहिल्यांदा वाच. जावईबापूंना पहिल्या रांगेत बसू दे, टेबलामागे नको.

तुझा,
मामा