वय किती म्हणालात?

बाईला वय विचारू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. मतदान केंद्र, बँक, आरटीओ आणि कारखान्याचे फाटक मात्र हा संकेत पाळत नाहीत, आणि ते रास्तच आहे. वयावर हक्क ठरतात. १८ व्या वर्षी मत देता येते. लग्नासाठी कायद्याने मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ६५ पूर्ण झाली की एसटीत अर्धे तिकीट, ७५ नंतर प्रवास मोफत. तंबाखूच्या कायद्याखालचे नियम तर सांगतात की, गिऱ्हाईक १८ च्या आतले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुकानदाराची. शंका आली तर त्याला वयाचा पुरावा मागता येतो. आमच्याकडच्या एखाद्या पानटपरीवाल्याने असा पुरावा मागितलेला मी अजून पाहिला नाही, ही गोष्ट वेगळी.

अडचण होते ती ज्यांचा चेहरा वयाशी जुळत नाही त्यांची. मी त्यांपैकीच एक. चाळिशी कधीच ओलांडली, मुलगा दहावीला आहे, पण अंगाने किरकोळ आणि उंची बेताची. बोर्डाच्या परीक्षेला एका केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून गेले, तर फाटकावरच्या माणसाने हॉल तिकीट मागितले. पालकसभेला नवे पालक मलाच विचारतात, "बेटी, तुम्हारी मॅडम किधर है?" घरी सासूबाई हसतात, म्हणतात, "चांगलंच आहे की, लोक खर्च करून जवान दिसतात." मीही हसते. मला हसता येते, कारण माझ्या पर्समध्ये ओळखपत्र असते, महिन्याचा पगार ठरलेला असतो आणि दोन मिनिटांत समोरचा माणूस "सॉरी मॅडम" म्हणतो. ज्याच्याजवळ कागद नाही आणि ज्याची रोजी त्या कागदावर अडली आहे, त्याला हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

आमचे करमाड जालना रोडवर, रेल्वे लाइनवर. शेजारीच शेंद्रा एमआयडीसी आणि ऑरिकची नवी वसाहत. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या भरून जातात, त्यांत आमच्या शाळेतून गेलेली कितीतरी मुले-मुली दिसतात. २०२५ च्या जूनमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. नववीत असताना वडील वारले आणि तिची शाळा सुटली. आता ठेकेदाराकडून पॅकिंगचे काम मिळत होते. चार मैत्रिणी बरोबर गेल्या, तिघींना आत घेतले, हिला फाटकावरच थांबवले. दिसायला सातवी-आठवीतली पोर. आधार कार्ड लहानपणी काढलेले, त्यावर फक्त जन्माचे साल. "तारखेचा पुरावा आणा, मग बघू," असे सांगून परत पाठवले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मॅडम, मैं झूठ बोल रही हूँ ऐसा देख रहे थे सब."

मी तिला आधी एवढेच समजावले की विचारणाऱ्याचे चुकले नाही. १४ वर्षांच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ च्या मुलांनाही धोक्याच्या उद्योगांत घेता येत नाही. फाटकावर कोणी विचारलेच नाही, तर खरोखरची तेरा वर्षांची पोर मशीनवर उभी राहील. आधारचेही तसेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-भरपाईच्या खटल्यात म्हटले की, आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे. त्या खटल्यात शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला गेला. बाल न्याय कायदाही वय ठरवताना आधी शाळेची नोंद, ती नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम सांगतो. हाडांच्या तपासणीत दोन वर्षे इकडे किंवा दोन वर्षे तिकडे फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच मान्य केले आहे. म्हणजे डॉक्टरचे यंत्रही चेहऱ्यापेक्षा फार पुढे जात नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिची तारीख सापडली : १ जून २००६.

ही १ जून म्हणजे आपल्या महाराष्ट्राची मोठीच गंमत आहे. माझे अब्बा १ जूनचे. मोठे चाचा १ जूनचे. धाकटे चाचाही १ जूनचेच. शाळा जूनमध्ये उघडायच्या आणि प्रवेशाचे वय तेव्हा पूर्ण असावे लागे. पोराला हाताला धरून आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसे, मग गुरुजी साल विचारून १ जून लिहून टाकत. आपल्या लोकांना तारखा ठाऊक नव्हत्या म्हणजे काळ ठाऊक नव्हता असे मात्र नाही. पोलीस ॲक्शनच्या साली, बहात्तरच्या दुष्काळात, किल्लारीच्या भूकंपानंतरच्या रमजानमध्ये, बकरीदचे चांद दिसले त्या रात्री, असा आमच्या आजी-नानींचा हिशेब चाले. कित्येकदा तर नावच दाखला असे. रमजान, शाबान, रज्जब, जुम्मा अशा नावांच्या माणसांना जन्माचा महिना किंवा वार वेगळा विचारावा लागत नाही.

मराठवाड्यात त्यात आणखी एक पेच. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. सरकारी दप्तर उर्दूत आणि साल फसली. वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. उर्दू येते म्हणून गावातले लोक माझ्याकडे जुने कागद घेऊन येतात, मग जात कोणतीही असो. मी त्यांना सोपी युक्ती सांगते : फसली सालात ५९० मिळवा; इंग्रजी वर्ष बदलल्यानंतरचा महिना असेल तर ५९१. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा म्हणतात, तो असा १९०७ चा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी सरकारने समिती नेमली, निजामकालीन दप्तरे बाहेर निघाली, आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांची आठवण सगळ्यांना झाली. आजोबांनी जपलेला पिवळा कागद नातवाच्या कामी येतो, हे तेव्हा अनेकांनी पाहिले.

आमच्या मुलीच्या बाबतीतही असा एक कागद निघाला. तिचा जन्म नानीच्या गावचा. नानीला तारीख विचारली, तर ती म्हणाली, "मालेगावला स्फोट झाले ना, त्या शबे-बरातीनंतर दोन दिवसांनी." मालेगावचा तो शुक्रवार होता ८ सप्टेंबर २००६. त्या दिवशी कब्रस्तानात आणि मशिदीजवळ जी माणसे गेली, त्यांच्या घरांनी ती तारीख कशी जपली असेल ते अल्लाहच जाणे. इथे दूरच्या एका खेड्यात ती एका बाळाच्या जन्माची खूण होऊन राहिली. ग्रामपंचायतीत रजिस्टर काढायला लावले. नोंद मिळाली : १० सप्टेंबर २००६. आईचे नाव, बापाचे नाव, लिंग स्त्री. बाळाच्या नावाची जागा कोरी.

नानीची जबान आणि पंचायतीचे रजिस्टर तंतोतंत जुळले, शाळेचे मात्र तीन महिन्यांनी पुढे. कोणत्याही हिशेबाने मुलगी १८ च्या वर. शाळेचा दाखला घेऊन ती गेली आणि आठ दिवसांनी, पुढच्या तुकडीत, कामाला लागली. त्या आठ दिवसांची मजुरी गेली ती गेली. पण माझ्या मनात एक गोष्ट राहिली. ज्या कागदावर तिची खरी तारीख आहे, त्यावर तिचे नाव नाही. आणि ज्यावर नाव आहे, त्यावर खरी तारीख नाही. जन्मनोंदीत बाळाचे नाव नंतर घालता येते, पण नियमाप्रमाणे नोंदीपासून १५ वर्षांच्या आत. पुढे सरकारने मुदतवाढ दिली तरच.

याच्या उलटी गोष्ट मतदान केंद्रावर दिसते. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या निवडणुकीत मी मतदान अधिकारी होते. कडेवर मूल घेऊन एक तरुण बाई आली. यादीत नाव, ओळखपत्र बरोबर, पण चेहरा शाळकरी. एका प्रतिनिधीने हळूच म्हटले, "ही १८ ची वाटते का?" अशा वेळी केंद्राध्यक्षांनी काय करायचे हे आयोगाच्या पुस्तिकेत लिहिलेले आहे. ओळख पटली असेल आणि यादीत नाव असेल, तरीही मतदार वयाने फारच लहान वाटला, तर त्याच्याकडून वयाचे घोषणापत्र घ्यायचे, खोटे बोलल्यास शिक्षा आहे हे सांगायचे आणि मत देऊ द्यायचे. तिने वाचले, सही केली, बोटाला शाई लावून घेतली आणि मत देऊन गेली. लोकशाहीच्या सर्वांत मोठ्या कामाला तिची जबान पुरली, हे पाहून मला बरे वाटले.

वय विचारण्याची रीत आपल्यालाही नवी नाही. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (र.) उहुदच्या वेळी १४ वर्षांचे होते. त्यांना पैगंबर (स.) यांच्यासमोर आणले गेले, पण लढाईत जाण्याची परवानगी मिळाली नाही. खंदकच्या वेळी १५ वर्षे झाली होती, तेव्हा मिळाली. पुढे हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांनी ही हकीकत ऐकली आणि लहान व मोठा यांच्यातली ही सीमा आहे, असे आपल्या अधिकाऱ्यांना लिहून कळवले. परत पाठवण्यात त्या मुलाचा अपमान नव्हता, हिफाजत होती. वय विचारणाऱ्याच्या मनात हीच भावना असेल, तर त्याचा आवाज आपोआप खाली येतो. फाटकावर चारचौघांत "झूठ बोलतेस" अशा नजरेने पाहणे निराळे आणि बाजूला घेऊन "बेटा, दाखला आहे का?" असे विचारणे निराळे.

इथे आपल्या घरांतलीही एक गोष्ट बोलायला हवी. वर्षातून एखादा तरी पालक शाळेत येऊन म्हणतो, "मॅडम, स्थळ चांगले आले आहे, दाखल्यावर दोन वर्षे वाढवून द्या." मी नाही म्हणते, मग महिनाभर सलाम बंद होतो. मोठी असून लहान दिसणाऱ्या मुलीला पुरावा नसल्याने त्रास होतो. लहान असून कागदावर मोठी केलेल्या मुलीला तोच पुरावा असल्याने त्रास होतो, आणि तो आठ दिवसांत संपत नाही. असे खोटे दाखले फिरतात म्हणूनच खऱ्या वयाच्या मुलीकडेही संशयाने पाहिले जाते.

काळ आता कागदाचा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मनोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच तारखेचा पुरावा. उशिरा नोंद करून घेऊ, असे म्हणून बसणेही आता परवडणारे नाही. २०२५ च्या सुरुवातीला राज्यात उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांची चौकशी सुरू झाली, नियम कडक झाले आणि ज्यांचे सारे खरे होते त्यांनाही खेटे घालावे लागले. २१ दिवसांच्या आत मात्र नोंद सोपी असते आणि तिला पैसे लागत नाहीत.

म्हणून भगिनींनो, अकीका ठरवाल तेव्हाच नावाचाही विचार पक्का करा आणि ते नाव नोंदीत घालून घ्या. नाव एकाच पद्धतीने लिहा. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर महंमद, तिसऱ्यावर नुसते मो.; कुठे शेख आधी, कुठे शेवटी; अशी एकाच मुलाची चार माणसे होतात. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही शाळेला मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे. तेव्हा कागदापायी मूल घरी बसवू नका. आणि शाळा मध्येच सुटली तरी दाखला मागून घ्या. घरात नानी-दादी असेल तर तिला एकदा शेजारी बसवून प्रत्येकाच्या जन्माची खूण विचारा आणि वहीत लिहून ठेवा. कचेरीत ती वही चालणार नाही, पण कोणत्या रजिस्टरचे कोणते पान उघडायचे ते तीच सांगेल.

त्या मुलीने पहिल्या पगारातून नानीला चष्मा करून दिला. मला विचारत होती, "मॅडम, मैं सालगिरह कब मनाऊँ?" मी म्हटले, कंपनीत कोणी विचारले तर १ जून सांग. घरी मात्र नानीने सांगितलेल्या दिवशी तिच्या हातचा गोड घास खात जा.