एक तोळा शिसें : नामिबियाच्या पठारावरील चार दिवस

नामिबिया या देशाचें नांव आपल्याकडील पुष्कळ वाचकांच्या कानीं प्रथम पडलें तें सन २०२२ च्या सप्टेंबर महिन्यांत. त्या महिन्यांत तेथून आठ चित्ते विमानानें आणून मध्यप्रदेशांतील कुनोच्या अरण्यांत सोडण्यांत आले. आमचेंही त्या देशाविषयींचें ज्ञान चित्त्यांपलीकडे जात नव्हतें. पुढें आमचे एक स्नेही, जे बरींच वर्षें विंडहुक शहरीं खाणींच्या धंद्यांत आहेत, त्यांच्या आग्रहास मान देऊन सन २०२३ च्या जूनमध्यें आम्ही तिकडे गेलों. त्या प्रवासांत पाहिलेल्या अनेक गोष्टींपैकीं येथें एकच सांगावयाची आहे. हरणाच्या शिकारीसाठीं बंदुकीची गोळी कशी निवडतात, हा तो विषय. ज्या घरांत पानाभोंवतीं चित्राहुती घातल्यावांचून घास घेतला जात नाहीं, त्या घरांतल्या मनुष्यानें असल्या विषयास हात घालावा याबद्दल कित्येक वाचक कपाळास आंठ्या घालतील. त्यांस आमची एवढीच विनंती कीं, त्यांनीं लेख शेवटपर्यंत वाचावा.

विंडहुक समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांच हजार फूट उंचीवर वसलें आहे. शहर सोडून पश्चिमेकडे निघालें कीं खोमासचें पठार लागतें. एकामागून एक उघड्या टेकड्या, त्यांवर वाळलेलें पिवळें गवत, मधून मधून कोरड्या नद्यांचीं वाळूचीं पात्रें, आणि त्यांच्या कांठीं आपल्या बाभळीच्याच कुळांतील कांटेरी झाडें. सोलापूर-विजापुराकडील माळ ज्यांनीं उन्हाळ्यांत पाहिले आहेत, त्यांस तें दृश्य अगदींच परकें वाटणार नाहीं. मात्र आपल्याकडे मृगाचा पाऊस सुरू होतो त्या दिवसांत तेथें हिंवाळा असतो. दुपारचें ऊन सोसवतें, पण रात्रीं भांड्यांतलें पाणी गोठेल कीं काय अशी थंडी पडते. आपण वैशाखांत दक्षिण क्षितिजाजवळ मोठ्या प्रयासानें शोधतों तो त्रिशंकु तेथें आकाशांत चांगला वर चढून उभा राहतो.

आमच्या स्नेह्यांच्या ओळखीनें एका शेतमालकाकडे आमची चार दिवस राहण्याची सोय झाली. हा देश १८८४ पासून १९१५ पर्यंत जर्मनांच्या ताब्यांत होता. पुढें दक्षिण आफ्रिकेचा अंमल आला, आणि २१ मार्च १९९० रोजीं तो स्वतंत्र झाला. आमचे यजमान त्या जुन्या जर्मन वसाहतवाल्यांच्या वंशांतले, सत्तरीच्या पुढचे, मितभाषी गृहस्थ होते. त्यांच्या शेतास शेत म्हणणें आपल्या जिभेस जड जातें, कारण कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकास जावयास मोटारीस पाऊण तास लागतो. त्यांत गुरें चरतात, आणि गुरांबरोबर कुडू, गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक, ईलंड हीं रानटी हरणेंही चरतात. १९६७ च्या व पुढें १९७५ च्या कायद्यानें तेथील शेतमालकांस आपल्या जमिनीवरील अशा जनावरांच्या उपयोगाचा हक्क मिळाला. तोंवर गुरांचें गवत खाणारी ब्याद म्हणून जीं जनावरें मारलीं जात, त्यांचें मोल मालकांस तेव्हांपासून वाटूं लागलें. शिकारीसाठीं परदेशांतून पाहुणे येतात, पैसे देतात, मांस त्या देशांतच खाल्लें जातें, आणि मालक जनावरांसाठीं पाण्याचीं टांकीं भरून ठेवतो. ही व्यवस्था आपल्या संस्कारांस रुचो वा न रुचो, तिच्यामुळें त्या माळांवर हरणें टिकलीं हें नाकारतां येत नाहीं.

आम्ही पोहोंचलों त्या दिवशीं तेथें एक शिकारी पाहुणे अगोदरच उतरले होते. रात्रीं जेवण झाल्यावर यजमानांनीं टेबलावर निरनिराळीं काडतुसें मांडलीं आणि आमचें कुतूहल पाहून आम्हांसही जवळ बोलावलें. आपण बोलतांना संबंध काडतुसासच गोळी म्हणतों, पण गोळी म्हणजे त्याच्या तोंडाशीं बसविलेला निमुळता तुकडा तेवढा. खालची पितळेची नळी, तिच्यांतील दारू व बुडाची टोपी हीं सर्व मागें राहतात. त्या प्रांतीं सर्रास वापरली जाणारी एक गोळी यजमानांनीं आमच्या तळहातावर ठेवली. तिचें वजन १८० ग्रेन. ब्रिटिश अमदानींत, १८३३ सालीं, आपला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा ठरला होता. म्हणजे ज्या वजनानें आपल्या घरोघर लेकीच्या मंगळसूत्राच्या सोन्याचा हिशेब झाला, तेवढेंच तें शिसें आमच्या हातांत होतें. बंदुकीच्या तोंडांतून तें सेकंदास सुमारें २,७०० फूट या वेगानें, म्हणजे ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगानें निघतें.

गोळ्यांचे मुख्य प्रकार यजमानांनीं आम्हांस समजावून दिले ते असे. पहिल्या प्रकारांत शिशावर पुढच्या टोकापर्यंत कठीण धातूचें कवच असतें. अशी गोळी शरीरांत शिरल्यावर आकार बदलत नाहीं. हत्तीच्या कवटीस किंवा रानरेड्याच्या जाड हाडास ती योग्य. परंतु हरणाच्या अंगांतून ती सुईसारखी आरपार जाते, बारीक भोंक पाडते, आणि पलीकडे कळपांतलें दुसरें जनावर उभें असेल तर त्यासही लागते. दुसऱ्या प्रकारांत टोंकाशीं शिसें उघडें असतें. तें मांसांत शिरतांच भूछत्राप्रमाणें पसरतें, गोळीचा व्यास सुमारें दुप्पट होतो, आणि फुप्फुसें व काळीज यांचें काम तत्काळ थांबतें. यांतही एक धोका आहे. गोळी फार मऊ, फार हलकी व फार वेगवान असेल आणि सावज जवळ असेल, तर ती खांद्याच्या हाडावरच फुटून तिच्या चिंध्या होतात. वरवर मोठी जखम दिसते, पण आंत कांहींच पोहोंचत नाहीं. ही अडचण ओळखून अमेरिकेंतील जॉन नोस्लर यांनीं १९४८ मध्यें एक गोळी बाजारांत आणली. तिच्या मधोमध तांब्याच्या मिश्रधातूचा आडवा पडदा ठेवलेला असतो. पडद्यापुढचा अर्धा भाग पसरतो, मागचा अर्धा तसाच घट्ट राहून खोल जातो. चौथा प्रकार निव्वळ तांब्याचा. त्यांत शिसें मुळींच नसतें. टोंकाशीं पोकळी असते आणि ती उघडून फुलाच्या पाकळ्यांसारखी मागें वळते.

आफ्रिकेच्या माळावरील खरी अडचण जनावरांच्या विविधतेची आहे. सकाळीं चाळीस किलोचा स्प्रिंगबॉक समोर यावा, दुपारीं अडीचशें किलोचा कुडू, आणि संध्याकाळीं सहा-सातशें किलोचा ईलंड. आणि बंदूक मात्र हातांत एकच. तेथील सरकारनें यासाठीं गोळीच्या जोराची किमान मर्यादा ठरविली आहे : स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणास १,३५० जूल, कुडू, गेम्सबॉक व ईलंड यांस २,७०० जूल. परंतु जोर पुरेसा असून भागत नाहीं. तो जोर हाडापलीकडे पोहोंचविणारी गोळीही तशीच हवी. यजमानांचा नियम साधा होता. दिवसभरांत जें सर्वांत मोठें जनावर समोर येण्याचा संभव असेल, त्याच्या हिशेबानें गोळी घ्यावी. वेगाच्या मोहांत न पडतां वजनदार व चिवट घ्यावी. आणि ती पुढच्या पायाच्या सरळ रेषेंत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शांत मारावी, कारण या जनावरांचें काळीज तेथें असतें.

टोंक उघडें असलेल्या गोळीचा इतिहास ऐकतांना आम्हांस आपल्याच देशांत यावें लागलें. कलकत्त्याजवळील दमदम येथें ब्रिटिश सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना होता. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत नव्या, पूर्ण कवचाच्या गोळ्यांनीं शत्रू थांबत नाहीं अशी सैन्यांत ओरड झाली, तेव्हां त्या कारखान्यांतील कॅप्टन बर्टी-क्ले यांनीं टोंक उघडें ठेवलेली गोळी तयार केली. तिलाच जगानें ‘दमदम’ हें नांव दिलें. १८९९ सालीं हेग येथील परिषदेनें शरीरांत पसरणाऱ्या गोळ्या युद्धांत वापरूं नयेत असें ठरविलें. ब्रिटननें तें १९०७ मध्यें मान्य केलें. मनुष्यावर जी गोळी क्रूर म्हणून निषिद्ध, तीच हरणावर दयेची म्हणून आवश्यक, हें कोडें आम्ही यजमानांपुढें मांडलें. ते म्हणाले, “जखमी शिपायाला उचलून नेणारे लोक असतात, डॉक्टर असतो. जखमी कुडूला रात्रीं कोल्हे आणि बिबटे असतात.” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पाहुण्या शिकाऱ्यांनीं स्वदेशीं लहान हरणांसाठीं वापरलेल्या हलक्या, अति वेगवान गोळ्या बरोबर आणल्या होत्या. दूरवर नेम सरळ जातो म्हणून त्या त्यांस प्रिय होत्या. यजमानांनीं त्या हातांत घेऊन पाहिल्या, आपल्याकडील जड गोळ्या पुढें केल्या. पाहुण्यांनीं हंसून नको म्हटलें, आणि यजमान गप्प बसले.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास एक गेम्सबॉक दिसला. राखी अंग, तोंडावर काळेपांढरे पट्टे, आणि भाल्यासारखीं सरळ, गजभर लांब शिंगें. अंतर ऐंशी पावलांहून अधिक नसेल. आम्ही मागें एका वारुळाआड बसलों होतों. बार झाला, जनावर खांद्यांत खचलें, पुन्हां सावरलें, आणि तीन पायांवर टेकडीआड गेलें. यानंतर जें घडलें तें लिहितांना आजही मन अस्वस्थ होतें. माग काढणारा दामारा जमातीचा प्रौढ मनुष्य पुढें, त्यामागें यजमान व पाहुणे, आणि सर्वांच्या मागें आम्ही, असे आम्ही चाललों. गवताच्या पात्यावर रक्ताचा एक थेंब, पुढें शंभर पावलें कांहीं नाहीं, मग दगडावर पुसटसा डाग. कांहीं ठिकाणीं तो बसलेला दिसे. चाहूल लागतांच उठून गेलेला असे. दुपारीं चार वाजतां एका कांटेरी झाडाखालीं तो सांपडला. उठण्याचें बळ नव्हतें, पण मान ताठ होती आणि शिंगें आमच्या दिशेस रोखलेलीं होतीं. यजमानांनीं आपल्या जड गोळीनें त्याचा शेवट केला. सहा तास!

कातडें काढल्यावर यजमानांनीं आम्हांस बोलावून दाखविलें. पहिली गोळी नेमकी खांद्यावर बसली होती, नेमांत कांहीं चूक नव्हती. ती हाडावर फुटली होती. फुप्फुसें शाबूत होतीं. यजमानांनीं शिशाचे कण चिमटीनें वेंचून तंबाखूच्या एका जुन्या डबींत घातले. त्या डबींत असे तुकडे पुष्कळ होते. पाहुणे मान खालीं घालून उभे होते. त्यांस एक शब्दही न बोलतां यजमान आमच्याकडे वळले आणि म्हणाले, “पहिल्या रात्रींच मीं त्यांना अडवायला हवें होतें. घरीं आलेल्या माणसाचें मन मोडूं नये म्हणून बोललों नाहीं. ही चूक माझी.”

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत राजा हरणावर बाण सोडणार तोंच तपस्वी मध्यें येऊन त्यास थांबवितो. आपल्या लोकांचें मन नेहमींच त्या तपस्व्याच्या बाजूस असतें, आणि तें तसेंच असावें. परंतु बाण सुटल्यानंतर त्या हरणाचें काय होतें, हा विचार आपण केलेला नाहीं. मारणारा पापी एवढें म्हटलें कीं आपलें कर्तव्य संपलें असें आपण समजतों. ज्या मनुष्यानें उभें आयुष्य बंदुकीबरोबर काढलें, त्यानें त्या सहा तासांचा जो दोष स्वतःकडे घेतला, तेवढा सूक्ष्म विचार आम्हीं अहिंसेवरील पुष्कळ व्याख्यानांत ऐकला नव्हता.

गोळीची गोष्ट हरणाच्या मरणाबरोबर संपत नाहीं, हेंही तेथेंच समजलें. आंतडीं व टाकाऊ भाग माळावर टाकतात. त्यांवर गिधाडें उतरतात, आणि फुटलेल्या शिशाचे कण त्यांच्या पोटांत जातात. आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील गिधाडांच्या रक्तांत असें शिसें आढळलें आहे. कॅलिफोर्निया संस्थानानें तर याच कारणास्तव १ जुलै २०१९ पासून रानटी जनावरांच्या शिकारींत शिशाच्या गोळ्यांस पूर्ण बंदी केली. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधानें आपल्याकडील गिधाडें कशीं नाहींशीं होत गेलीं, आणि २००६ सालीं गुरांसाठीं तें औषध बंद करावें लागलें, हें ज्यांस स्मरतें त्यांस हा मुद्दा निराळा समजावून देणें नको. म्हणून यजमान अलीकडे तांब्याची गोळी पसंत करीत. तिचेही दोष ते सांगत : तांबें शिशाहून हलकें, त्यामुळें त्याच वजनाची गोळी लांब होते व कांहीं जुन्या बंदुकींस मानवत नाहीं, वेग फार उतरला तर ती नीट उघडत नाहीं. यासाठीं तींत वजन थोडें कमी घेऊन वेग राखावा लागतो, आणि घरच्या बंदुकींतून आधीं फळीवर मारून पाहावी लागते.

चौथ्या दिवशीं सकाळीं आमची निघण्याची वेळ झाली. पाहुणे त्या दिवशीं शिकारीस गेले नव्हते. घरामागें शंभर पावलांवर लांकडाची फळी उभी केलेली होती. तिच्यासमोर आडवे पडून, यजमानांनीं दिलेल्या तांब्याच्या गोळ्या ते एक एक करून मारून पाहत होते. प्रत्येक बारानंतर माग काढणारा तो दामारा गृहस्थ फळीजवळ जाई, भोंकावर बोट ठेवी, आणि मागें वळून हातानें खूण करी. मोटार फाटकापाशीं पोहोंचेपर्यंत ते बार आम्हांस ऐकूं येत होते.