ठोसेघरला कोणता पीर?

आमच्या घरात प्रवासाला तीनच कारणं असायची : शादी, मय्यत आणि उरूस. त्यामुळे ऑगस्ट 2006 मधल्या एका रविवारी आम्ही भावंडांनी ठोसेघरचा धबधबा बघायला जायचं ठरवलं, तेव्हा दादीनं पहिला प्रश्न केला, "वहां कौनसा पीर हय?"

"पीर नै दादी. पानी गिरताय, वो देखना."

"पानी देखने कू इत्ता दूर? नीरा क्या सुक गई?"

अब्बांची अडचण वेगळी होती. 11 जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले होते. ज्या गोष्टीशी आमचा काडीचा संबंध नव्हता, तिची सफाई आम्ही एसटीत, बँकेच्या रांगेत नुसत्या चेहऱ्यानं देत फिरत होतो. "चार बुरके लेके भीड में कायकू जाना?" ते म्हणाले. यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. पण ट्रॅक्सचे आगाऊ पैसे देऊन झाले होते आणि ते परत मिळणार नव्हते, म्हणून ते तयार झाले. आमच्या घरात हे कारण नेहमी चालतं.

अम्मीला कुणी विचारलंच नाही. ती पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापत होती.

शिरवळ सोडून खंबाटकी घाट चढताना थोरल्या भावानं भूगोल सुरू केला. घाटाच्या अलीकडचं पाणी नीरेला जातं, पलीकडचं कृष्णेला. नीरा भीमेला मिळते आणि भीमा पार रायचूरकडं जाऊन कृष्णेला. दादी म्हणाली, "मतलब दो बहना. शादी होके अलग गए, बुढापे में मिले."

साताऱ्याच्या बोगद्यातून पलीकडं गेल्यावर सज्जनगड दिसला. वर कोण आहे, दादीनं विचारलं. रामदासस्वामींची समाधी, आम्ही सांगितलं. "बुजुर्ग हय," म्हणत तिनं डोक्यावरून पदर ओढला आणि गाडीतूनच सलाम केला. त्या गडाच्या दरवाजावर फारसी शिलालेख आहे, हे आम्हाला फार नंतर कळलं.

ठोसेघरला पोचलो, पायऱ्या उतरलो आणि कठड्यापाशी उभे राहिलो. समोर काहीच नव्हतं. नुसतं पांढरं धुकं आणि दरीतून येणारा आवाज. पाऊण तास गेला. शेजारी काही पोरं टेप लावून नाचत होती. त्यातला एक सारखा आमच्याकडं बघत होता आणि अब्बा त्याच्याकडं. शेवटी तो आलाच. "आजी, काडेपेटी हाय का? आमच्या सगळ्या भिजल्या."

दादीनं पिशवीतून काडेपेटी काढली. मग अगरबत्तीचा पुडा निघाला, मग मलिद्याचा डबा. आमच्या सांगण्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. इतक्या लांब गाडी करून जायचं म्हणजे पीर असणारच, असा तिचा हिशेब होता. मूठभर मलिदा त्या पोराच्या हातावर पडला, बाकीचा आम्ही तिथंच उभ्या उभ्या संपवला.

तरीही अब्बा म्हणाले, "चलो, हो गया देखना." आम्ही पिशव्या उचलल्या. वळून पाहतो तर अम्मी कठड्याजवळच.

"मैं नै आती," ती म्हणाली. "देखकेच आऊंगी."

अम्मीला "मैं नै" म्हणताना आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. तिच्यासाठी घरात कधी साडीचा रंगसुद्धा तिला विचारून आला नव्हता. अब्बा काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. त्यांनी छत्री उघडली आणि तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. छत्री चुकीच्या बाजूला धरली होती, पाऊस दुसरीकडून येत होता.

आणखी अर्धा तास गेला असेल. वारा सुटला आणि धुकं बाजूला सरलं. समोर काळा कडा, त्यावरून सुटलेली पांढरी धार, इतकी खोल की तळ दिसेना. दादी "सुबहानल्ला" म्हणत राहिली. अम्मी गप्प. नकाब तिनं केव्हाच वर टाकला होता, चेहरा सगळा भिजला होता. आम्ही धबधबा सोडून तिच्याकडंच बघत होतो.

चार-पाच मिनिटांत पुन्हा सगळं पांढरं झालं. "चलो," ती म्हणाली आणि डबे मोजायला लागली.

पुढं पोरी आपापल्या घरी गेल्या, दादी गेली. सगळे मिळून पुन्हा असं कुठं जाणं झालं नाही. त्या दिवशी येताना खंबाटकीचा बोगदा लागला, तेव्हा अम्मी झोपली होती. तिचा बुरखा मागच्या दोरीवर दोन दिवस वाळत होता.