ज्या वस्तीने लिहितं केलं

लालबागच्या उड्डाणपुलावरून गाडी आता एका दमात भायखळ्याहून परळला पोचते. खाली राहतो भारतमाता टॉकीजचा कोपरा, चिवडा गल्लीतला कढत तेलाचा वास, कुटल्या जाणाऱ्या मिरचीचा ठसका. आणि खालीच राहतं गिरणगाव, म्हणजे त्याचं जे काही उरलं असेल ते. ताडदेव, लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड, वरळी. ही नावं ज्याने मराठी कविता, कथा, नाटक मन लावून वाचलं त्याच्या अगदी ओळखीची असतात. तो कधी मुंबईत राहिला नसला तरी.

या वस्तीसाठी आपण बरंच रडलो आहोत. चिमण्यांसाठी, भोंग्यासाठी, गेलेल्या रोजीरोटीसाठी. पण आणखी एक गोष्ट तिथे वारली, तिचं सुतक कुणी पाळलं नाही. लेखक घडवणारी एक जागा गेली. पुस्तकं आपल्यापाशी राहिली, ती ज्या मातीतून वर आली ती माती गेली.

कावसजी दावर यांनी 1854 साली कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. मग गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांच्या मागोमाग माणसं आली. कोकणातली बोटीने आली, घाटावरची गाडीने आली, काही तर चालत आली. बायकापोरं गावी, बाप्या मुंबईत. गावाच्या नावाने एक खोली घ्यायची, तिला गाळा म्हणायचं आणि त्यात वीस-तीस गड्यांनी मिळून राहायचं.

हा गाळा जरा जवळून बघावा. भिंतीला ओळीने खुंट्या, दर खुंटीचा धनी ठरलेला. खाली पत्र्याच्या ट्रंका एकावर एक. कोपऱ्यात वळकट्या. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागी आडवा व्हायचा. अंथरूण गार पडायला उसंतच नसायची. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले, आणि तेच तंतू छातीत. जेवण खानावळीत. तिथे परळ-लालबागची एखादी बाई दहा-पंधरा गड्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायची. याच खानावळवाल्या बायकांना जोडून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

या गाळ्यात गावाकडून पत्रं यायची. चार इयत्ता शिकलेला एखादाच असायचा. त्याने सगळ्यांची पत्रं मोठ्याने वाचायची आणि सगळ्यांची उत्तरंही लिहायची. सांगणारा सांगायचा, मध्येच थांबायचा, खिडकीकडे बघायचा; लिहिणाऱ्याने ते थांबणंही कागदावर उतरवायचं. दुसऱ्याचं दुःख त्याच्याच बोलीत, त्याच्याच श्वासाच्या लांबीने लिहायचं. मला वाटतं, गिरणगावचा पहिला लेखक तोच. त्याचं नाव कुठल्याही वाङ्मयेतिहासात नाही. पण पुढे जे जे तिथून लिहिते झाले, त्यांच्या लेखणीला त्याचंच वळण आहे. ते एकट्याने एकट्यासाठी लिहीत नव्हते. कुणीतरी शेजारी बसून सांगत होतं आणि कुणीतरी ऐकायला थांबलं होतं.

नारायण सुर्वे त्याच गर्दीतले. 1926 साली रस्त्यावर सापडलेलं मूल. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणीकामगाराने ते उचललं, काशीबाईंच्या ओटीत घातलं, त्याला नाव दिलं, शाळेत घातलं. पुढे हे आईबाप कोकणात गावी निघून गेले आणि शहरात मुलगा पुन्हा एकटा राहिला. मिळेल ते काम केलं. पालिकेच्या शाळेत शिपाई झाला, मग शिकून शाळेतच मास्तर झाला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 साली आलं, ‘माझे विद्यापीठ’ 1966 साली. रस्त्यालाच विद्यापीठ म्हणणाऱ्या या कवीला परभणीच्या साहित्य संमेलनाने 1995 साली अध्यक्षपद दिलं. सुर्व्यांच्या कवितेत माणसं बोलतात, हे आपण सहज म्हणून जातो. ती बोलतात, कारण कवीला त्यांच्यापासून वेगळी अशी खोलीच नव्हती. घरात दिवा एक, गॅलरी समाईक, नळ समाईक, संडास समाईक. कवितेची ओळ सुचताना शेजारची बाई भांडत असणार, पलीकडे मूल रडत असणार. ते सगळं टाळून लिहायला त्याला जागाच नव्हती, आणि त्याने ते टाळलंही नाही.

अण्णा भाऊ साठे वाटेगावहून आईबापांबरोबर पायी मुंबईला आले. गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वावरले, पुढे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचं लोकनाट्य झालं ते या वस्त्यांच्या मैदानांवर, गॅसबत्तीच्या उजेडात. श्रोते दिवसभर साच्यावर उभे राहून आलेले, पाय भरून आलेले, तरी वग संपेपर्यंत हलायचे नाहीत. शाहिराचा एखादा शब्द खोटा पडला तर तिथल्या तिथे कळायचं, कारण ज्याच्याविषयी तो बोलत होता तोच समोर बसलेला असायचा. लेखकाला याहून कडक परीक्षक कुठे मिळणार? परळच्या दामोदर हॉलमध्ये पाळी संपवून आलेले कामगार नाटकांच्या तालमी करायचे. गल्लीगल्लीत भजनी मंडळं, व्यायामशाळा, वाचनालयं, गणपतीचे मेळे. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण कान तयार.

आणि त्याच शहरात दुसऱ्या वस्त्या होत्या. त्यांनी वेगळी आणि जास्त जाळणारी भाषा दिली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात बाबूराव बागूल वाढले; 1963 साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आलं आणि मराठी कथेला पहिल्यांदा कळलं, की शहरात खोली मिळण्यासाठीसुद्धा माणसाला आपली जात लपवावी लागते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये कावाखाना आहे, 1978 सालच्या वाचकाला घशाखाली न उतरलेला. नामदेव ढसाळ पूर-कनेरसरहून लहानपणी आले ते गोलपिठ्याच्या परिसरात. ‘गोलपिठा’ 1972 साली प्रसिद्ध झालं, प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. ती लिहिण्याआधी तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या भागात रात्री हिंडले होते. मराठीतला एक थोर नाटककार एका तरुण कवीच्या मागून त्याची वस्ती बघायला चालला आहे, हे चित्र मला फार मोलाचं वाटतं. वर्षानुवर्षं मुंबईत राहून, लिहून जे दिसलं नव्हतं, ते दाखवायला त्या वस्तीतलाच माणूस लागला. भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’त नाक्यावरची पोरं त्यांच्याच तोंडच्या भाषेत आणली तेव्हा अत्र्यांसारखा दिलदार माणूसही संतापला होता. नाक्यावर रोज ऐकू येणारी भाषा छापून आली की आपल्याला ती सोसत नाही. पण आज त्या काळचा नाका ऐकायचा असेल तर ‘वासूनाका’ उघडावा लागतो.

हे लिहिताना एक भान ठेवायला हवं. त्या जगण्याचे गोडवे गाण्याचा हक्क आपल्याला नाही. क्षयाने खोकणारी माणसं, बदली मिळेल म्हणून पहाटे गिरणीच्या गेटवर ताटकळणारे कामगार, जॉबरची मर्जी, सावकाराचं व्याज, आणि सगळ्या एकजुटीच्या पोटात शाबूत राहिलेली जात. साळखात्यात, म्हणजे विणकामात, दलित कामगाराला शिरकाव नसायचा, कारण तुटलेला धागा जोडताना तो तोंडाने ओला करावा लागे. लाल झेंड्याखाली एकत्र चालणारी माणसं पाण्याच्या मडक्यापाशी वेगळी व्हायची. बागूल आणि ढसाळ यांची लेखणी तापली ती उगाच नाही. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत ज्या बाईने चार पोरं वाढवली, तिला नव्या इमारतीत स्वतःचं न्हाणीघर मिळालं तर तिच्या आनंदात आपला हुंदका मिसळू नये. तिने तो आनंद चार पिढ्यांच्या वाट पाहण्यातून कमावलेला आहे.

मग शोक कशाचा? शोक आहे तो ऐकू येण्याचा. माणसाला माणूस ऐकू येईल अशा अंतरावर लाखो माणसं राहत होती, ते अंतर गेलं.

18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. तो नुसता विरत गेला. आधी दागिने गेले, मग भांडी, मग बरेच जण गावी गेले, मग पोरांचं शिक्षण गेलं. काही पोरं टोळ्यांत गेली. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम फिरला, वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. जिथे गिरण्यांच्या भिंती उभ्या होत्या तिथे शहराच्या वाट्याला फारसं काही उरलं नाही.

हे सगळं जयंत पवारांनी पाहिलं. सुर्व्यांच्या पिढीने वस्ती भरात असताना लिहिली. पवारांच्या वाट्याला ती मोडताना लिहिणं आलं. त्यांच्या ‘अधांतर’ या नाटकात धुरींचं घर आहे. संपाने बाप नेला, आई खमकी उभी आहे, पोरं चार दिशांना पांगली आहेत. आणि त्या घरातल्या एका मुलाला लेखक व्हायचं आहे. ही गोष्ट मला सारखी टोचते. पंचवीस वर्षं आधी जन्मला असता तर या पोराला कलापथक मिळालं असतं, युनियनचं वाचनालय मिळालं असतं, गॅलरीतला श्रोता मिळाला असता. 1982 नंतर त्याच्या हातात नुसते कागद उरले. भोवतीची माणसं दिवस कसा काढायचा या विवंचनेत, आणि त्याचं लिहिणं घराला भार. पवारांनी पुढे ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ लिहिलं, त्याला 2012 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी तोवर झगमगता मॉल उभा राहून बरीच वर्षं झाली होती. 2021 साली पवारही गेले. गिरणगाव आतून माहीत असलेला आणि तरी त्याच्यावर डोळे मिटून प्रेम न करणारा असा लेखक पुन्हा व्हायचा असेल, तर तो कुठल्या चाळीतून होणार?

नायगाव, वरळी, डिलाईल रोड, शिवडी मिळून बीडीडीच्या 207 चाळी. त्याही आता पडताहेत, मनोरे उठताहेत. पडाव्यातच, इमारतींनी शतक गाठलं आहे. गिरणीकामगार घरासाठी म्हातारा झाला, मेला, त्याच्या वारसांची नावं यादीत लागली, आणि घरं दाखवली गेली ती कुठे पनवेलला, कुठे शेलू-वांगणीला. मुलं-नातवंडं विरार, नालासोपारा, बदलापूर, डोंबिवलीत पांगली. रोज पहाटे याच लोअर परळला, त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत, ती लोकलने कामाला येतात. आजोबा ज्या आवारात सूत काढत होते तिथे नातू रात्री संगणकासमोर बसतो. त्यालाही रातपाळीच आहे, पण ती संपल्यावर त्याला परत न्यायला त्याच्यासारखी दहा माणसं एका वाटेने चालत नाहीत.

लेखकांच्या नावाने आपण चौक बांधतो, पाट्या लावतो, त्यांची घरं कुठे होती ते शोधत हिंडतो. तेही करावं. पण सुर्वे कुठल्या खोलीत राहत होते, याहून मोठा प्रश्न आहे: त्या खोलीने त्यांना घेतलं कसं? गंगाराम सुर्वे लेखक नव्हते. पदरी काही नसताना, आडनाव-जात-धर्म न विचारता, रस्त्यावरचं मूल त्यांनी घरात नेलं आणि स्वतःचं नाव त्याला देऊन टाकलं. शेजाऱ्यांनी ते मूल आपल्यात सामावून घेतलं. ही ऐपत पैशाची नव्हती. ज्या वस्तीत पाहुणा आधी गेटवर नोंद करून, फोनवर परवानगी घेऊन मगच वर येतो, तिथे ती ऐपत कुठून यावी? आणि ती नसेल तर सापडलेल्या पोराचा कवी कसा व्हावा?

ही ऐपत अजून पुरती संपलेली नाही. गोवंडीच्या, मानखुर्दच्या, नालासोपाऱ्याच्या, वांगणीच्या दाटीत ती आहे. तिथे मराठीच्या शेजारी हिंदी, भोजपुरी, उर्दू नांदते आहे. तिथेही कुणी कुणाचा फॉर्म भरून देतं, कुणी कुणाचा व्हॉट्सअॅपवरचा निरोप वाचून दाखवतं. त्या गल्ल्यांत एखादी मुलगी वही घेऊन बसलेली असेल, तिला श्रोता हवा आहे. गिरणगावाच्या मातीला जायचं होतं, आपण जाऊन आलो. आता त्या मुलीच्या दारी जायला हवं. तिच्या वस्तीत वाचनालय हवं, तिची कविता छापणारं मासिक हवं, तिच्या मागून रात्रीच्या गल्ल्यांत मुकाट्याने चालणारा ज्येष्ठ लेखक हवा. गिरणगावाचं मराठीवर जे ऋण आहे, ते फेडायची दुसरी कुठली रीत मला माहीत नाही.