स्वागत समारंभातील भाकरी

चि. पुतणी व भावी जावईबापू यांस,


पत्रास कारण की, उभयतांनी माघातील स्वागत समारंभासाठी पनीर, पुलाव, चायनीजचे टेबल आणि आइस्क्रीम यांना फाटा देऊन ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, पिठले, शेंगांची चटणी आणि खपली गव्हाची खीर असा बेत योजला असून, लग्नाच्या पाहुण्यांना पिठले-भाकरी वाढायची का, या प्रश्नाने घरातील वडीलधारी मंडळी अस्वस्थ झाली आहेत. या अस्वस्थतेमागे काही पिढ्यांचा अनुभव आहे आणि बेतामागेही विचार आहे. म्हणून दोन्ही बाजू नीट मांडणे अगत्याचे वाटते.

विवाहविधीत अन्नाला निश्चित स्थान आहे, परंतु ते फार थोड्या पदार्थांना आहे. मंडपात आलेल्या वराला दही, मध आणि तूप यांचे मिश्रण देऊन त्याचा सत्कार करतात, त्यास मधुपर्क म्हणतात. वधू भावाच्या हातून ओंजळीत घेतलेल्या साळीच्या लाह्या अग्नीत अर्पण करते, तो लाजाहोम. स्वागत समारंभ हा या विधींच्या बाहेरचा, शहरी आणि अलीकडचा प्रघात असल्यामुळे त्यात काय वाढावे याविषयी शास्त्र काहीच सांगत नाही. तेथे चालते ती रूढी, आणि रूढी किती बदलत आली आहे हे केळीच्या पानाकडे पाहिले तरी कळते. जिलेबीचे नाव अरबी 'झलाबिया'पासून आलेले असून, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी तिचा मागोवा इ. स. 1450 च्या सुमारास रचलेल्या 'प्रियंकरनृपकथा' या जैन ग्रंथापर्यंत नेला होता. बटाटा आणि मिरची ही दोन्ही पिके अमेरिका खंडातली, ती पोर्तुगिजांमार्फत इकडे आली, आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. तरीही बटाट्याच्या भाजीवाचून लग्नाचे पान आज अपुरे वाटते. पनीर तर मराठी लग्नात अगदी काल-परवा आले.

प्रांताप्रांतांतील पंगती पाहिल्या तर 'लग्नाचे जेवण' ही एकच गोष्ट नाही, हेही ध्यानात येते. पुण्याकडे मसालेभात, अळूची पातळ भाजी आणि मठ्ठा. विदर्भात डाळीचे तळलेले वडे कुस्करून वर गरम फोडणी घातलेला वडाभात. खानदेशात तुपात भिजलेली वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. कोकणात काळ्या वाटाण्याचे सांबार आणि वडे. एका जिल्ह्यात जे रीतीचे, ते दुसऱ्या जिल्ह्यात नवलाचे ठरते. सोलापूरकडची मुलगी आणि जळगावकडचा मुलगा यांच्या, म्हणजे उभयतांच्या, लग्नात कोणत्या जिल्ह्याची रीत प्रमाण मानावी, हा प्रश्न त्यामुळे मुळातच सुटणारा नाही, आणि सभागृहांचे ठेकेदार तो दोन्हीकडची नसलेली पनीरची भाजी वाढून सोडवतात.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप मात्र रीतीपेक्षा खोल आहे. सोलापूर, मराठवाडा, खानदेश या ज्वारीच्या मुलखात भाकरी हे रोजचे अन्न होते आणि गव्हाची पोळी व भात सणावारी पानात पडे. 1972 च्या दुष्काळात तर चांगली ज्वारीही मिळेनाशी झाली आणि परदेशातून आलेल्या तांबड्या 'मिलो' ज्वारीवर लोकांनी दिवस काढले. ज्या पिढीने ती भाकरी खाल्ली, तिच्या दृष्टीने लेकीच्या लग्नात पुरी, भात आणि जिलेबी वाढणे म्हणजे यजमानाने आपल्या ऐपतीची कमाल केल्याची खूण होती, आणि त्या जागी भाकरी येणे म्हणजे हात आखडणे. हे दुःख खरे आहे. आजी-आजोबांना 'आता मिलेटचे दिवस आहेत' असे सांगून ते जाणार नाही, मग संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून 2023 हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केलेले का असेना.

त्यांच्यापुढे मांडावयाचा मुद्दा वेगळा आहे. लग्नाच्या पानात नेहमी तेच वाढले गेले जे एरवी सहज मिळत नव्हते आणि ज्यासाठी यजमानाला कष्ट पडत होते. आज गहू, तांदूळ, पनीर आणि मैद्याचे नान रोजचे झाले असून, तव्यावरून थेट पानात येणारी, पापुद्रा सुटलेली भाकरी शहरातील कित्येक घरांतून दुर्मिळ झाली आहे. तेव्हा उभयतांचा बेत जुन्या नियमाला धरूनच आहे, मात्र एका अटीवर: भाकरीसाठी पुरीइतकेच, किंबहुना अधिक, कष्ट घेतले गेले पाहिजेत.

हे कष्ट कोणते, ते जवळून पाहावे. गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारे ग्लुटेन हे प्रथिन ज्वारीत नसल्यामुळे तिचे पीठ लाटता येत नाही. त्यात कढत पाणी घालून पिठातील पिष्ट, म्हणजे स्टार्च, चिकट करून घ्यावे लागते, मग परातीत तळव्याने दाब देऊन मळावे लागते, आणि बोटे फिरवत कडेकडेने थापत भाकरी वाढवावी लागते. ती तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात. पाणी सुकून भाकरीला चिरा पडण्याआधी ती उलटायची असते, आणि शेवटी विस्तवाला लावली की ती टम्म फुगते. पीठ शिळे असेल तर भाकरी थापतानाच तुटते, म्हणून दळण आदल्या दिवसाचे असावे. फुगलेली भाकरी पंधरा-वीस मिनिटांत निवते, तिच्यातील पिष्ट पुन्हा घट्ट होते आणि ती वातड लागू लागते. पाहुण्यांच्या तक्रारी बहुधा येथूनच सुरू होतात. तयार हाताची बाई एका तव्यावर तासाला पंचवीस-तीस भाकरी करू शकते असे धरले, तर तीनशे माणसांसाठी लागणाऱ्या साडेचारशे भाकऱ्या दोन तासांत उतरवायला आठ-नऊ तवे आणि तेवढ्याच सुगरणी हव्यात, आणि थापणाऱ्या हातांना विसावा म्हणून आणखी दोघी-तिघी. केटररने चार तवे मांडून 'होऊन जाईल' म्हटले तर त्यावर विसंबू नये.

याला सोलापूरकडे एक जुना तोडगा आहे. अगदी पातळ थापून, तव्यावर मंद आचेवर वाळेपर्यंत भाजलेली कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, ती आधी करून ठेवता येते आणि शेंगांच्या चटणीशी किंवा आमटीत चुरून उत्तम लागते. गरम भाकरीच्या जोडीला ती ठेवली तर रांग खोळंबणार नाही. कवळी बसवलेल्या ज्येष्ठांसाठी मऊ भात आणि साधे वरण मात्र असलेच पाहिजे. बेत वेगळा म्हणून वृद्धाने उपाशी उठणे कोणत्याही रीतीत बसत नाही.

महिनाही अनुकूल आहे. रब्बीची ज्वारी हुरड्यावर येते ती पौषाच्या आसपास, जेव्हा पारंपरिक घरांतून लग्ने होत नाहीत. माघात मागास पेरणीच्या शेतातला उरलासुरला हुरडा मिळू शकतो, आणि भरिताची वांगीही त्या दिवसांत ऐन बहरात असतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला, दोहोंनाही भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेली कायदेशीर ओळख, मिळालेले आहे. खानदेशात भरिताबरोबर ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी करतात, त्यामुळे दोन्ही घरांना जोडणारे धान्य ज्वारीच आहे. एवढी गोष्ट आजीला सांगितली तरी तिचा अर्धा विरोध मावळेल. भरितात कांद्याची पात आणि लसूण पडणार. जैन पाहुण्यांसाठी आणि कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांसाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने वाढलेली भाजी ठेवावी. खीर खपली गव्हाची आणि गुळाचीच असावी. जिलेबीचा मोह झाला तर तीही वाढावी, तिच्याशी कोणाचे वैर नाही.

उभयतांना विनंती एवढीच की, पत्रिका छापण्यापूर्वी आचाऱ्याला आणि भाकरी करणाऱ्या बायकांना एकदा घरी बोलावून पन्नास भाकऱ्यांची चाचणी घ्यावी आणि त्या दिवशी घरातील सर्वांत वयस्कर माणसांना पहिल्या पंगतीला बसवावे. समारंभाच्या रात्री वाढपी, मांडववाले, वाहनचालक आणि तव्यापाशी बसलेल्या बायका यांची पाने आधीच मोजून ठेवावीत, आणि त्यांनाही भाकरी गरमच मिळावी.